डावीकडची ओढ

माझा स्वभाव संशयी आहे, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. बायको म्हणते, तुम्ही आरशात बघतानाही 'हा कोण आणि इथे कशाला' अशा नजरेने बघता. पण हा दोष माझा नाही, धंद्याचा आहे. रेसिंगच्या गेमची स्टिअरिंगं बसवायची, दुरुस्त करायची आणि ज्याच्या त्याच्या हाताला जुळवून द्यायची, हे माझं काम. पंधरा वर्षांत एकही गिऱ्हाईक असं भेटलं नाही, की ज्याने 'माझ्या हातून पडलं' असं सरळ कबूल केलं. सगळ्यांचं एकच, काही केलं नाही हो, आपोआप झालं. आपोआप काही होत नसतं. स्क्रू ढिला असतो, नाहीतर माणूस.

त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमचा फोन आला आणि 'स्टिअरिंग आपोआप डावीकडे ओढतं' असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी मनात हसलो. पुढचं वाक्य मात्र वेगळं होतं. आपोआप ओढत नाहीये, कोणीतरी मुद्दाम करतंय, तुम्ही येऊन पकडून द्या, असं त्या म्हणाल्या. गिऱ्हाईक स्वतःच संशय घेतंय म्हटल्यावर मला अगदी घरच्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी जेवण उरकून मी हत्यारांची पिशवी घेऊन निघालो.

ते स्टिअरिंग मीच दोन वर्षांपूर्वी बसवलं होतं. मॅडमचे यजमान तेव्हा होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. शिकाऊ माणसाला थेट रस्त्यावर न नेता आधी पाच दिवस पडद्यासमोर बसवायचं, अशी त्यांची पद्धत. पडद्यावर रस्ताही कुठलाही चालला नाही. शाळेच्या दारापासून कालव्याच्या पुलापर्यंतचा, रोजच्या सरावाचा खराखुरा रस्ताच पाहिजे, म्हणून त्यांनी मला शेकडो फोटो काढून दिले आणि महिनाभर माझा जीव खाल्ला. ड्रायव्हरच्या सीटच्या डाव्या हाताला त्यांची लाकडी खुर्ची असायची. तिथे बसून ते हळू आवाजात सूचना द्यायचे. त्यांची एक शिस्त होती, आणि ती त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावली होती. शिकणाऱ्याच्या स्टिअरिंगला मास्तरांनी हात लावायचा नाही. वेळ पडली तर आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा, पण चाक ज्याचं त्याच्याच हातात. तीस वर्षांत आपण ही शिस्त मोडलेली नाही, असं ते अभिमानाने सांगायचे.

त्या फोनच्या चार महिने आधी सर गेले. सरावाच्या गाडीतच गेले. पुलाच्या अलीकडे गाडी डावीकडे रस्ता सोडून कठड्यावर आदळली, आणि डावीकडे सर बसले होते. स्टिअरिंगवर एका हॉस्पिटलमधली नर्स होती. तिला चार टाके पडले. रस्ता मोकळा होता, भर दिवस होता, समोरून कोणी येत नव्हतं. नर्सबाई पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती, की मी सरळ चालवत होते, सरांनीच स्टिअरिंग डावीकडे ओढलं. आणि मॅडमनी अपघाताच्या चौकशीत लिहून दिलं होतं, की माझे यजमान शिकणाऱ्याच्या स्टिअरिंगला कधीही हात लावत नसत.

त्या चौकशीची शेवटची सुनावणी गुरुवारी होती. मी गेलो तो मंगळवार. निकाल विरोधात गेला असता तर नर्सबाईवर गुन्हा दाखल होणार होता आणि नोकरी जाणार होती. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई, कमावणारी ती एकटी.

मॅडमचा संशय या नर्सबाईवरच होता, पण मला एक कोडं होतं. जिच्यामुळे नवरा गेला असं मॅडम मानतात, ती बाई या स्टिअरिंगवर बसायला येतेच कशी? मॅडमनी न लपवता सांगितलं. नर्सबाईच येऊन म्हणाली होती, की मला एकदा त्याच रस्त्यावर बसू द्या, माझाच हात गेला असेल तर मी कबूल करीन. मॅडमनी होकार दिला तो दया येऊन नव्हे. त्यांना तिचा हात कुठे चुकतो ते डोळ्यांनी बघायचं होतं. पण झालं भलतंच. ती बसली, पुलाच्या अलीकडे पोचली की स्टिअरिंग डावीकडे ओढलं जायचं. इतर कोणी बसलं की काही नाही. तेव्हा मॅडमची खात्री पटली, की आपलं म्हणणं खरं करण्यासाठी ही बाई सेटिंगमध्ये काहीतरी करून ठेवते. मी तपासावं आणि तसं लेखी द्यावं, एवढंच काम होतं.

खोली पहिल्या मजल्यावर होती. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना जाड काळं कापड लावलेलं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे अंधार. रबराच्या मॅटचा आणि तापलेल्या मोटरचा एक कोंदट वास तिथे कायमचा राहायला आला होता. दार लावलं की रस्त्यावरचे आवाज एकदम दूर जायचे आणि मशीनची बारीक घरघर तेवढी उरायची. सरांची खुर्ची जागच्या जागी होती. मी ती बाजूला सरकवायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, राहू द्या.

या स्टिअरिंगच्या पोटात एक मोटर असते. पडद्यावरची गाडी वळली, घसरली, खड्ड्यात गेली, की ती मोटर चाकाला ओढ देते आणि खऱ्या रस्त्याचा जोर हाताला जाणवतो. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. शून्य ते शंभर, हवा तेवढा जोर ठेवता येतो. गेमची शौकीन मंडळी मनगटं भरून येईपर्यंत ऐंशी-नव्वद मागतात. शिकाऊ माणसाला मी चाळीसच्या वर देत नाही, आणि इथेही मी चाळीसच ठेवून गेलो होतो. लॅपटॉप जोडून बघितलं तर आकडा पंच्याऐंशी. मी मॅडमकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला 'बघा, म्हटलं नव्हतं' असा वाटला.

पंच्याऐंशीवर मी स्वतः पुलापर्यंत जाऊन आलो. चाक जड होतं, दगडासारखं, पण कुठेही ओढत नव्हतं. चाळीसवर आणलं, पुन्हा गेलो. ठीक. तीन वाजता नर्सबाई आली. चाळिशीची, बारीक अंगाची, ड्यूटीवरून थेट आलेली, हात धुवून धुवून कोरडे पडलेले. मला दादा म्हणाली. मॅडमकडे तिने बघितलं नाही आणि मॅडमनी तिच्याकडे. मी मात्र दोघींकडे बघत होतो.

ती बसली. मी तिच्या मागे उभा राहून तिच्या कोपरांवर नजर ठेवली, कारण चोरून जोर लावणारा माणूस मनगटात नाही, कोपरात सापडतो. गाडी दुकानांच्या ओळीवरून गेली, मुलांच्या शाळेचं फाटक गेलं, पेट्रोल पंप गेला. कालव्याकडचा सरळ रस्ता आला. तिची कोपरं सैल होती. आणि चाक डावीकडे गेलं. तिच्या हातांना बरोबर घेऊन गेलं म्हटलं तर जास्त खरं होईल. पडद्यावरची गाडी कठड्यावर आदळली. बाईने डोळे मिटून घेतले.

जोर शून्यावर आणला आणि तिलाच पुन्हा चालवायला सांगितलं. आता चाक मोडक्या खेळण्यासारखं लुळं फिरायला हवं होतं. पंपापर्यंत फिरलंही. कालव्याकडच्या रस्त्याला लागताच ते घट्ट झालं आणि डावीकडे गेलं. पण मी मनाला बजावलं, की वायरमध्ये काही असेल, प्रोग्रॅममध्ये काही असेल, कोणीतरी काहीतरी केलेलं असेल. आपोआप काही होत नसतं.

मग मी माझं गुपित बाहेर काढलं. मी बसवलेल्या प्रत्येक मशीनमध्ये सेटिंग कधी बदललं याची वेळ साठत जाते. हे मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही, म्हणून तर त्यांचं खोटं सापडतं. गेल्या दोन महिन्यांत चाळीसचे पंच्याऐंशी एकोणीस वेळा झाले होते, आणि प्रत्येक वेळी सकाळी पुन्हा चाळीस. आदल्या संध्याकाळचं तेवढं उतरवायचं राहून गेलं होतं. वेळ दर वेळी संध्याकाळी सातच्या पुढची. शाळा सहाला बंद व्हायची आणि किल्ली एकट्या मॅडमकडे असायची.

म्हणजे चोर माझ्यासमोर उभा होता आणि त्यानेच मला चोर पकडायला बोलावलं होतं. नर्सबाईला बसायला सांगून मी मॅडमना बाहेरच्या ऑफिसात नेलं. आवाज न चढवता विचारलं, की ही बाई घाबरावी, सुनावणीत तिची जीभ अडखळावी म्हणून तुम्हीच हे करता ना? त्यांनी वेळांची ती यादी वाचली. मला वाटलं, आता चिडतील. त्या खुर्चीत बसल्या.

"शाळा बंद झाली की मी तिथे बसते," त्या म्हणाल्या. "चाळीसवर काही जाणवत नाही हो. पंच्याऐंशीवर... शेजारून कोणीतरी धरलंय असं वाटतं."

मी असा माणूस, की या वाक्यातही मला आधी विसंगती दिसली. सर तर कोणाच्या चाकाला हात लावत नव्हते, मग हे 'धरल्यासारखं' तुम्हाला ठाऊक कसं, असं मी विचारलं. त्यांनी यादी बाजूला सारली. नंतर म्हणाल्या, "मला त्यांनीच शिकवलं. लग्नाच्या आधी. माझं धरायचे." त्यांनी टेबलावर दोन बोटं हळूच दोनदा आपटली. "ओढायच्या आधी असं दोनदा करायचे. सावध करायला. ती शिस्त-बिस्त इतरांसाठी."

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं वाक्य खरं नव्हतं तर. तीस वर्षांत निदान एका माणसाच्या बाबतीत ते मोडलं होतं, आणि मॅडमनी चौकशीत लिहून देताना ते स्वतःलाही आठवू दिलं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या दोन बोटांकडे बघून मला फार वाईट वाटलं.

शेवटची चाचणी मी माझ्या समाधानासाठी घेतली. मोटरला वीज देणारी वायर सॉकेटमधून काढली आणि प्लग माझ्या हातात धरला. चाक किती अंश फिरलं हे मोजणारा भाग लॅपटॉपच्या विजेवर चालतो, त्यामुळे पडद्यावरची गाडी वळली असती, पण चाकाला ओढ द्यायला आता काहीच उरलं नव्हतं. घरघरही थांबली. नर्सबाईला म्हटलं, पाय चालवा, हात मांडीवर ठेवा. मॅडम आपण होऊन सरांच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी उजवा हात चाकाच्या कडेवर नुसता टेकवला.

दुकानं गेली. फाटक गेलं. पंप गेला. खोलीत इतकी शांतता होती, की बाईच्या पायाखालच्या पेडलची स्प्रिंग ऐकू येत होती. रबराचा वास एकाएकी वाढल्यासारखा वाटला. मी प्लग इतका घट्ट धरला होता, की त्याच्या पिना तळहातात रुतल्या.

चाक थरथरलं. मग डावीकडे फिरलं, सावकाश, पण थांबवता येणार नाही असं. बाईचे दोन्ही हात मांडीवर होते. मॅडमचा हात चाकाबरोबर गेला.

"दोनदा..." त्या म्हणाल्या. "आत्ता... दोनदा केलं. हे तेच आहेत."

नर्सबाई रडायला लागली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण चाकावरचा हात काढून त्या म्हणाल्या, "मी चुकीचं लिहून दिलंय. गुरुवारी बदलते."

इथे थांबायला मला आवडलं असतं. पण त्या दोघी बाहेर गेल्यावर मी सवयीने लॅपटॉपवरची रेघ बघितली. चाक कुठल्या क्षणी किती फिरलं, त्याचा आलेख असतो तो. डावीकडची ओढ त्यात स्पष्ट होती. पण ती पहिली नव्हती. तिच्या आधी, सेकंदाच्याही आत, रेघ उजवीकडे गेली होती. मग दोन बारीक टोचे, मॅडमना जाणवले ते. मग डावीकडे, पुन्हा किंचित उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आम्हाला थरथर दिसली होती ती ही. एकच चाक दोघांनी धरलं आणि दोघांनी विरुद्ध ओढलं, तर अशी रेघ येते. सर गाडी रस्त्याबाहेर नेत नव्हते. कोणीतरी ती उजवीकडे नेत होतं आणि सर तिला धरून ठेवायला बघत होते. त्या दुसऱ्याचा हात सुटला तेव्हा सरांच्याच जोराने गाडी कठड्यावर गेली.

मी जिन्यात नर्सबाईला गाठलं. त्या दिवशी आधी उजवीकडे काही झालं होतं का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "नाही हो दादा, मी सरळ धरलं होतं." तिचे डोळे रडून लाल झाले होते. खरं बोलत होती असं मला वाटलं. पण मला लोकांबद्दल काय वाटतं यावर माझाच फारसा विश्वास नाही.

अहवालात मी लिहिलं, की मशीनमध्ये बिघाड नाही, कोणी छेडछाड केलेली नाही. उजवीकडचं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर अधिकाऱ्याने सरळ अर्थ काढला असता, की शिकाऊ बाईने गाडी उजवीकडे घातली आणि मास्तरांना ओढावी लागली. तिचे हात मांडीवर होते, हे मी सांगून कोणाला पटलं असतं? एका अंथरुणावरच्या म्हातारीचा घास माझ्या एका ओळीवर होता. मी आलेख पुसून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा पुरावा पुसला आणि मला बरं वाटलं.

गुरुवारी मॅडमनी जबाब बदलला. सर प्रसंगी स्टिअरिंग धरत, हे मला माहीत आहे, असं त्यांनी सही करून दिलं. नर्सबाई सुटली. आठवड्याने मॅडमचा फोन आला, की आता चाक कुठेच ओढत नाही. नर्सबाई येऊन बसून गेली, पुलापलीकडेही गेली, काही नाही. त्या पंच्याऐंशीवर एकदा बसल्या, पण नुसतं जड लागलं, शेजारी कोणी नव्हतं. "गेले ते," त्या म्हणाल्या. "त्यांचं काम झालं असेल." मग आपणच आकडा चाळीसवर आणला असं त्यांनी सांगितलं. मी उजवीकडे काही जाणवतं का असं विचारलं. त्यांना माझा प्रश्न कळला नाही.

तीन महिने झाले या गोष्टीला. मधल्या काळात नर्सबाईला लायसन मिळालं. ओळखीच्यांकडून एक जुनी गाडी घेतली, आईला दवाखान्यात न्यायला सोपं पडतं म्हणाली. काल तिचा फोन आला. आवाज खुशीत होता. गाडी छान चालते, फक्त जराशी उजवीकडे ओढते. दोन गॅरेजवाल्यांनी बघितली. चाकं बरोबर, हवा बरोबर, अलाइनमेंट बरोबर. तुम्ही स्टिअरिंगमधले जाणकार दादा, तुम्ही एकदा बघाल का?

मी विचारलं, शेजारच्या सीटवर कोण असतं.

"कोणी नाही," ती हसून म्हणाली. "आता कोणी लागत नाही मला. एकटीच चालवते."

गाडी काढू नका, मीच येतो, असं मी म्हणालो. कारण विचारलं तर काय सांगणार? पुसलेली रेघ दाखवता येत नाही. मी कारण न देता तेच पुन्हा म्हणालो आणि तिने ते आग्रह समजून मोडून काढलं. तुम्ही कशाला त्रास घेता, उद्या सुट्टी आहे, आईला मागच्या सीटवर घालून मीच फिरवत आणते, असं ती म्हणाली.

आज सकाळी अकराला निघते म्हणून तिचा निरोप आला. तिच्या घरापासून माझं दुकान वीस मिनिटांवर आहे. मी सात वेळा फोन लावला. वाजतो, ती उचलत नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही सरांची शिकवण, आणि ती सरांचं सगळं पाळते. म्हणजे ती अजून चालवतेच आहे, असं मी धरून बसलो आहे. आता चार वाजत आलेत.